कुंपणाआतला चिखल

"म्हातारे, हिला डुकरिणींच्या वाऱ्याला उभी करू नकोस. हिची स्वतःचीच कूस उजवली नाही."

वकिलांनी हे माझ्या सासूला सांगितलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही दोघी त्यांच्या बंगल्याच्या पायरीखाली उन्हात उभ्या होतो. मागणं एवढंच, की खाडीकाठच्या डबक्याभोवतीचं काटेरी कुंपण काढा. कल्याणात आगगाडी आली, तिकडे बंगले झाले आणि वकिलांना आमच्या डुकरांचा वास यायला लागला. डबकं बंद. डुकरं वस्तीतल्या दगडी आवारात कोंडायची, असा हुकूम.

सासूने हात जोडले. "तुमचंच खरं, बापा."

वकिलांचं बोलणं मी गिळलं असतं. सासूचं होय म्हणणं गिळता येईना.

डुकराला घाम येत नाही. अंगाला ओला चिखल लागला तरच ते निवतं. आवारात ना झाड, ना चिखल. वैशाखात दगड तापलेले. डुकरिणी तोंड उघडं टाकून धापा टाकायच्या. खाणं सुटलं. एक गाभडली. दुसरी माजावरच येईना. सगळ्या वस्तीला दिसत होतं, तरी खापर माझ्यावर फुटलं. माझी नजर लागते म्हणून मला झोपडीत बसवलं आणि दाराच्या झापाला बाहेरून दोरी बांधली. सासू सवत आणायचं बोलायला लागली.

कुडाच्या फटीतून मला उरलेली गाभण डुकरीण दिसायची. एका दुपारी ती दगडाला अंग घासत राहिली, मग आडवी पडली. पोट भात्यासारखं हलत होतं. ती तिथे कोंडलेली, मी इथे. दोघींच्या पोटाचा दोष आमच्याच माथी. मला माझाच राग आला, इतके दिवस बसून राहिल्याचा.

कुडाला कोयता खोचलेला होता. दोरी कापली. आवाराची आगळ काढली. डुकरिणीला उठवून डबक्याकडे हाकलली. कुंपण तोडताना हात रक्ताळले. डुकरीण धडपडत चिखलात गेली आणि पसरली. मीही तिच्याशेजारी गुडघाभर चिखलात उभी राहिले.

सासू मागून धावत आली. "अगं, वस्ती उठवतील आपली."

वकील गड्याला घेऊन काठावर आले. मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी वांझ आहे का, मला ठाऊक नाही. या जनावरांना तुम्ही केलंत."

दुसऱ्या दिवशी कुंपण पुन्हा उभं राहिलं. सवत आणायची तर आणोत. वस्ती उठवायची तर उठवोत. कोयता आता कुडाला नसतो, माझ्या कमरेला असतो. ते जितक्या वेळा कुंपण घालतील, तितक्या वेळा मी तोडणार.