बारा हजार फुटांची परवानगी

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं. बारा हजार फुटांवर जायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे असं त्यांनी मला सांगितलं, आणि ती दिलेली नव्हती. डॉक्टर बोलले तेव्हा माझी बायको मेधा त्यांच्याच टेबलाशी बसलेली होती. अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये मी स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचे ओटे बसवायचा धंदा करतो. सुरुवातीची चार वर्षं दुसऱ्याच्या फरशा खांद्यावर वाहिल्या, मग स्वतःचं दुकान काढलं. इतक्या वर्षांत दगडात मला कुणी फसवलं नाही, कागदात तर नाहीच. फसवलं ते चिपळूणच्या एस.टी. आगारातून निवृत्त झालेल्या, जेमतेम पंचावन्न किलो वजनाच्या एका माणसाने.

अण्णा वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल आणि कधी सुटेल हे माईकवरून सांगणारा माणूस असतो ना, तो. मी अमेरिकेतून सुट्टीवर गेलो असताना त्यांच्याकडे मुलगी बघायला गेलो, तेव्हा ते दारातच घड्याळ बघत उभे होते. सव्वाअकरा म्हणाला होतात, अकरा सत्तावीस झाले, असं म्हणून त्यांनी मला आत घेतलं. मला राग लवकर येतो आणि तो मी लपवत नाही. कऱ्हाडहून आलेली गाडी तुमच्याच एस.टी.ची होती आणि तुमच्याच घाटात अडकली होती, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. मेधाच्या आईने घाईघाईने चहाचा ट्रे पुढे केला. अण्णांनी शांतपणे मान डोलावली.

“नोंद घेतली,” ते म्हणाले.

हे त्यांचं पालुपद होतं. होकार नाही, नकार नाही, वाद तर मुळीच नाही. भाजीत मीठ जास्त झालं, नोंद घेतली. मुलगी सातासमुद्रापार चालली, नोंद घेतली. सासूबाई गेल्या तेव्हा मी फोनवर काय बोलावं ते न सुचून ‘अण्णा, स्वतःची काळजी घ्या’ म्हणालो, त्यावरही पलीकडून हेच दोन शब्द आले, फक्त थोडे उशिरा. दुसरं एक वाक्य ते मेधाला प्रत्येक विमानप्रवासाच्या आधी ऐकवायचे. गाडी उशिरा आली तरी चालते, पण ती कुठे आहे ते कळलं पाहिजे.

सासूबाईंनंतर त्यांच्या हृदयाच्या नसेत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवावी लागली. वर्षभराने, गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. तेव्हापासून त्यांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला की मी हातातलं काम थांबवून ऐकायचो, आणि खोकला थांबला की आणखी लक्ष देऊन ऐकायचो.

मे महिन्यात सुट्टीच्या सहलीची बैठक जेवणाच्या टेबलावर बसली. आमच्या अकरा वर्षांच्या इराला कोलोरॅडोतल्या, डेन्व्हरजवळच्या एका जत्रेला जायचं होतं. पाचशे वर्षांपूर्वीचा युरोप उभा केलेली ती जत्रा. राजा, राणी, चिलखत घातलेले घोडेस्वार, आणि बघायला येणारेही तशाच वेषात. इराने आईच्या जुन्या शालूचा झगाही शिवून ठेवला होता. ती फोनवर नकाशा दाखवत होती, आणि अण्णांचं बोट जत्रेवरून सरकत डोंगरातल्या एका नागमोडी रेघेवर थांबलं. हा घाट किती उंच, त्यांनी विचारलं.

“ट्वेल्व्ह थाउजंड फीट, आजोबा. इट्स सो प्रिटी.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. चौतीस वर्षं त्यांनी कुंभार्ली घाटात गाड्या सोडल्या, पण स्वतः त्यांना घाट लागायचा. लग्नकार्याला जावंच लागलं तर डोळे मिटून, खिशात लिंबू ठेवून जायचे. ड्रायव्हर लोक यावरून त्यांची थट्टा करत. आता हसत हसत ते म्हणाले की इतकी वर्षं दुसऱ्यांना घाटात पाठवलं, एकदा डोळे उघडे ठेवून स्वतः जायचंय.

मी घाबरलो, आणि घाबरलो की मी घासाघीस करतो. मी म्हणालो, कशाला इतकं लांब, गॅल्व्हस्टनचा समुद्र तासाभरावर आहे. इराने डोळ्यांत पाणी आणलं, म्हणून मी जत्रा कबूल केली. मग घासाघीस डोंगरावर आली. आठ हजार फुटांपर्यंत जाऊ म्हटलं. अण्णा बारावर ठाम. मी नऊपर्यंत चढलो.

“घाट मध्येच संपत नाही, जावईबापू,” अण्णा म्हणाले.

शेवटी सौदा असा ठरला की डॉक्टर हो म्हणाले तर बारा, नाही म्हणाले तर जत्रेवरून परत. त्यांनी नोंद घेतली.

आमच्याकडे आईवडील भारतातून आले की त्यांना कुणी सहसा दवाखान्यात नेत नाही. पाहुण्यांच्या विम्यात जुनी दुखणी बसत नाहीत. म्हणून प्रत्येक गावात एक मराठी डॉक्टर असतो, ज्याला रविवारी पोहे खायला बोलवायचं आणि बशी रिकामी झाली की हळूच रक्तदाबाचं यंत्र पुढे करायचं. फाइल नाही, चिठ्ठी नाही. आमचे डॉक्टर साठे हा त्रास गेली कित्येक वर्षं हसतमुखाने सोसतात. ते आले त्या रविवारी नेमका एका गिऱ्हाइकाचा फोन आला, ओट्याची कड तडकली म्हणून, आणि मी त्याच्याशी भांडत गॅरेजमध्ये उभा राहिलो. आत आलो तेव्हा डॉक्टर बुटांच्या नाड्या बांधत होते. ते गेल्यावर मी अण्णांना विचारलं, काय म्हणाले?

“जा म्हणाले.”

मी मेधाकडे वळलो. ती बशा गोळा करत होती. हो, जा म्हणाले, असं ती बशांकडे बघत म्हणाली. सिंकसाठी दगडात भोक पाडायचं तरी मी गिऱ्हाइकाच्या तीन सह्या घेतो. इथे मी तोंडचा शब्द घेतला.

मग अण्णांनी कालनिर्णयाच्या जुन्या पानांच्या मागे वेळापत्रक आखलं. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, आणि प्रत्येक टप्प्यासमोर ‘खोळंबा’ नावाचा रकाना, त्यात वीस-वीस मिनिटं राखून ठेवलेली. शेवटचा रकाना होता ‘नजीकचा दवाखाना’. हे कशाला, असं विचारलं तर म्हणाले, नियंत्रकाला सगळं ठाऊक असावं लागतं. मी त्यात भर घातली. सगळ्यांचे पासपोर्ट आणि अण्णांच्या व्हिसाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या खणात ठेवले. हल्ली वाटेत कुणी कागद तपासेल या भीतीने राज्याबाहेर जाताना आमच्या ओळखीतले सगळेच ठेवतात. मेधाने ती पिशवी तीनदा उघडून पाहिली.

जूनच्या एका पहाटे अण्णांनी पुढच्या सीटवरून ‘सुटली’ म्हणून जाहीर केलं आणि आम्ही निघालो. वाटेत मुक्कामाला अमरिलोच्या मोटेलमध्ये मी काउंटरवर वाद घालून तळमजल्याची खोली मिळवली, जिना नको म्हणून. सकाळी अण्णांना उठवायला गेलो तर ते तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपले होते. का, तर म्हणे गादी फार मऊ आहे. मी मेधाला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टर खरंच जा म्हणाले ना? ती म्हणाली, विलास, तू उगाच घाबरवतोस सगळ्यांना.

जत्रेत मात्र अण्णा खुलले. धूळ, ऊन, घोड्यांच्या लिदीचा वास, भाजलेल्या मांसाचा धूर, ढोल. ही तर आपलीच जत्रा, फक्त देव तेवढा नाही, असं ते म्हणाले. दोन वाजता असलेली भाल्यांची झुंज दोन बाराला सुरू झाली, तेव्हा अण्णा उठून मखमली झगा घातलेल्या राजाकडे गेले आणि मनगटावरचं घड्याळ दाखवून इंग्रजीत म्हणाले, “किंग, ट्वेल्व्ह मिनिट्स लेट.” राजाने गुडघा टेकून त्यांची माफी मागितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इरा लाजून आणि हसून लाल झाली. मीही हसलो. पण दर पन्नास पावलांवर अण्णा थांबत होते, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. एकदा तलवारी बघायला, एकदा मेणबत्त्या, एकदा नुसतंच कुंपण. रिकामं कुंपण कुणी दोन मिनिटं बघत नाही. मी पुन्हा विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाले होते? ते म्हणाले, एकदा सांगितलं ना.

दुसऱ्या दिवशी घाट चढलो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडाही नाही, नुसतं आभाळ. ‘घाटात ड्रायव्हरशी कुणी बोलायचं नाही’ हा अण्णांचा नियम, त्यामुळे गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता. नऊ हजारांची पाटी गेली. दहाची गेली. फोनचे सिग्नल गेले. अकराच्या पुढे झाडं संपली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो. अण्णांचे डोळे सताड उघडे होते, खाली दरीत लागलेले, आणि ओठ जांभळे होत चालले होते. परत फिरू म्हटलं, तर त्यांनी बोटाने पुढे खूण केली. वळायलाही जागा नव्हती.

वरच्या वाहनतळावर ते स्वतः दार उघडून उतरले. जूनमध्येही रस्त्याच्या कडेला बर्फ होता. त्यांनी वाकून त्याला हात लावला, इराकडे बघून हसले आणि तसेच गुडघ्यांवर बसले. मला वाटलं, बर्फ बघतायत. मग ते कुशीवर कलंडले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. इराची किंकाळी. वनखात्याच्या एका बाईने आणलेलं ऑक्सिजनचं नळकांडं. त्यांना मागच्या सीटवर मेधाच्या मांडीवर ठेवून मी तो घाट उतरलो. मागून त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि प्रत्येक वळणावर मी त्यासाठी कान देत होतो. चौथ्या रकान्यातला दवाखाना त्यांनी लिहिला होता तिथेच होता.

फुप्फुसात पाणी झालं होतं. धोका टळला असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर मी बाहेर येऊन साठेंना फोन लावला आणि त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी मला ओरडू दिलं. मग म्हणाले, विलास, मी म्हटलं होतं डेन्व्हरला जा, जत्रा बघा, पण वरच्या घाटात पाऊल टाकू नका. दोनदा म्हटलं होतं. मेधा होती की तिथे.

मी कॉरिडॉरमध्ये मेधाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की त्या रविवारी, सांगू नकोस म्हणून, अण्णांनी तिचा हात धरला होता. आतून नर्स आली आणि मला म्हणाली, पेशंट तुम्हाला बोलावतोय. अण्णांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“तिला बोलू नका. माझी चूक. तुम्ही सौदा फार कडक करता, जावईबापू. खरं सांगितलं असतं तर मला नऊ हजारही मिळाले नसते.”

खरं होतं ते. मी खाली बसलो. माझ्या रागाला घाबरून लोक माझ्यापासून किंमत लपवतात, माल लपवतात, हे मला माहीत होतं. जिवाचा धोकाही लपवतात, हे माहीत नव्हतं. कसा होता घाट, मी विचारलं. त्यांनी मास्क परत लावला आणि हाताने हवेत वळणं काढून दाखवली, एकामागून एक, बराच वेळ.

सप्टेंबरात ते चिपळूणला परतले. डिसेंबरात एका दुपारी, खुर्चीत बसलेले असताना, गेले. डोंगराने गेले की वयाने, हे कुणीच ठामपणे सांगत नाही. मी साठेंना विचारलं, चिपळूणच्या डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही म्हणतात.

तेराव्याला चिपळूणचं घर माणसांनी भरलं होतं. माझा मेव्हणा प्रशांत सगळ्यांसमोर म्हणाला, जावयांनी हौसेने डोंगरावर नेलं, त्यानंतर अण्णा सावरलेच नाहीत. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण ते दिलं असतं तर गेलेल्या माणसाला त्याच्याच घरात खोटारडा म्हटल्यासारखं झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसलो. मेधा सतरंजीवर बसली होती. तीही गप्पच. आता सांगून काय उपयोग, असं ती त्यानंतर सात महिने म्हणत आली आहे.

उपयोग आहे. मागच्या आठवड्यात इरा दुकानात आली, दगडांच्या रांगेत माझ्याजवळ उभी राहिली आणि तिने विचारलं, “बाबा, मामा म्हणाला ते खरं आहे? डिड वी किल आजोबा? जत्रा माझी आयडिया होती.” मी तिला जवळ घेतलं, पण उत्तर दिलं नाही, कारण ते देण्याचा अधिकार माझा नाही. मी त्या वेळी गॅरेजमध्ये होतो.

मेधा, टेबलाशी तू होतीस. प्रशांतला सांगायचं की नाही ते तू ठरव, त्याचं मला काही नाही. पण डॉक्टर काय म्हणाले, अण्णांनी काय मागितलं आणि तू गप्प का राहिलीस, हे आपल्या मुलीला तुला सांगावंच लागेल. इरा वर तिच्या खोलीत आहे. जा.