आत्याच्या मापाचा शाफ्ट

केनवडच्या चिखलात आमच्या जीपचा मागचा एक्सल तुटला, तेव्हा थोरल्या भावाने रिसोडच्या भंगारातून टेम्पोचा दणकट एक्सल आणून बसवला. पण गिअरबॉक्सपासून त्या एक्सलपर्यंत जाणारा जुना शाफ्ट त्याच्यापुढे काडीच. तो पहिल्याच चढावर पिळवटला. भावाने रिकाम्या जीपखाली शिरून माप घेतलं आणि जाड शाफ्ट करून आणला. आम्ही सगळे बसलो तसे मागच्या स्प्रिंगचे पाटे दबले, एक्सल वर सरकला आणि शाफ्ट लांब पडून अडकला.

"माप भरेल गाडीत घ्या लागते," भाऊ म्हणाला.

मग भर दुपारी अख्खं घर अंगणातल्या जीपमध्ये बसलं. आत्याने तर लुगडंही बदललं होतं.

"कुठी चालले?" शेजाऱ्याने विचारलं.

"कुठीच नाही!" मी खेकसलो.

"हलू नका!" भाऊ खालून ओरडला.

या वेळी शाफ्ट तंतोतंत बसला. फक्त आत्या उतरली की पाटे वर येतात, शाफ्ट सैल पडतो आणि जीप डब्यात खडे घातल्यागत वाजते.

परवा माझ्यासाठी रिठदला मुलगी पाहायला निघालो. आत्याशी माझं कडाक्याचं भांडण झालेलं, म्हणून मुद्दाम तिला वगळलं. जीप फाटकापर्यंत खडखडत गेली आणि भावाने ती मागे घेतली.

आत्या नवं लुगडं नेसून ओट्यावर तयारच बसली होती.

"सरक तिकडं," ती मला म्हणाली. "पोरगी मी पसंत करीन."