एका वाडग्यातला चहा

मी तोंड लावलेला वाडगा तिनं घेतला आणि तसाच चटईवर ठेवला. प्यायली नाही.

आमच्या जपानी विभागात चहाविधीची तालीम चालू होती. या विधीत घट्ट हिरवा चहा सगळ्यांना एकाच वाडग्यात असतो. पाहुण्यांनी ओळीनं बसायचं. घोट घ्यायचा, कड पुसायची, शेजारच्याला द्यायचा. देताना म्हणायचं, ‘ओसाकी नी’. म्हणजे, तुमच्या आधी घेतला, माफी असावी. मी घेतला, पुसला, म्हटलं. शेजारची वर्गमैत्रीण नुसती वाडग्याकडे बघत बसली.

मॅडमनी पाहिलं. मॅडम पिढ्यानपिढ्या इथंच बंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातल्या. मी नागपूरची म्हटल्यावर पहिल्या दिवशी केवढ्या हरखल्या होत्या! मग आडनाव विचारलं. तेव्हापासून माझ्याशी इंग्रजीतच बोलायच्या. त्या दिवशी मराठी परत आली, त्यांची ती कानडी मिसळलेली.

"सरी, सरी. तू शेवटी बस गं. उगीच बाकीच्यांना स्वल्प अडचण होते."

कुणाला, कसली अडचण? कुणी विचारलं नाही. वाडगा विसळून आणला, नवा चहा केला. बाकीच्या एकमेकींचं उष्टं मिटक्या मारत प्यायल्या. माझ्यापर्यंत तळाचा गार गाळ आला.

राग नाही आला, खरं सांगते. थकवा आला. शाळेत ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तेही सोसून झालं होतं. आई म्हणाली होती, "बुद्धाचा देश आहे तो. तिथली भाषा शिक, बाई. तिथं आडनाव नाही विचारत कोणी." भोळी माझी आई. तिथंही चामड्याचं काम करणाऱ्यांना माणसांतून बाहेर ठेवायचे. आमच्या पुस्तकात तो धडा आहे. मॅडमनी तो घाईघाईत उरकला.

कार्यक्रमाच्या दिवशी मी आधी जाऊन मधल्या जागी बसले. मॅडम कानाशी वाकल्या.

"शेवटी बस म्हटलं होतं ना?"

"नाही बसणार."

एवढंच. हॉल भरलेला, समोर जपानहून आलेल्या बाई चहा घुसळत होत्या. मॅडमना हसावं लागलं.

वाडगा आला. मी प्यायले, कड पुसली, म्हणायचं ते म्हटलं आणि त्याच मुलीपुढे धरला. तिचे हात मांडीवर. मी धरूनच ठेवला. मनगट दुखायला लागलं. पाहुण्या बाई बघायला लागल्या, तेव्हा कुठे तिनं घेतला. ओठांना लावल्यासारखं केलं आणि पुढे सारला. घोट घेतला नाही, ते मी पाहिलं.

आता वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही. अंतर्गत गुण मॅडमच्या हातात आहेत. जातील तर जाऊ देत. महादेवपुऱ्यातल्या खोलीवर परतते तेव्हा अंगात त्राण नसतं, पुस्तक उघडवत नाही. तरी उघडते.

पुढच्या वर्षी परत चहा होईल. मी मध्येच बसणार. ज्याला विटाळ होतो, त्यानं उठून जावं. मी उठणार नाही.