अक्काताईंची तिसरी पायरी

मगदूम आण्णांच्या एकसष्टीच्या अंकात त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो, तरी नोंदवतो. निवृत्त होईपर्यंत आण्णांनी मला त्यांच्या टेबलावर एकदाही चहा पिऊ दिला नाही. पंधरा वर्षांपूर्वी, आजऱ्याहून कोल्हापुरात नुकताच बदलून आलेला वार्ताहर म्हणून मी नगररचना कार्यालयात गेलो आणि पसरलेल्या नकाशाशेजारी कप ठेवणार, एवढ्यात आण्णा म्हणाले, "पावणं, कप बाहेर. गोल डाग पडला की उद्या कुणीतरी तिथं विहीर हाय म्हणून सांगंल." तेव्हापासून आमचा स्नेह गॅलरीत, उभ्याउभ्याच वाढला.

आण्णा भूमापक. मोजणी संपली की ते गल्लीतल्या सर्वांत जुन्या माणसाचं दार वाजवत, पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते विचारत आणि नकाशाच्या कडेला पेन्सिलीने सांगणाऱ्याचं नाव लिहीत. लहानपणी संस्कृत पाठशाळेत आम्ही प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहिलेलं, आणि आप्तवचन, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं, ही ज्ञानाची प्रमाणं नुसती घोकली. आण्णांनी ती पायी फिरून वापरली. एकदा मी बातमीत एका पेठेजवळचा नाला भलत्याच बाजूला छापला. संपादकांकडे न जाता आण्णा मला सायकलवर डबलसीट घेऊन नाल्यावर गेले. चढाला मात्र उतरवलं.

त्यांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना कार्यालयात इंटरनेटवरचा नकाशा आला. आकाशातून टिपलेल्या त्या चित्रात नदीकडच्या पेठेमागे एक रिकामी पट्टी दिसली आणि तरुण अभियंत्यांनी तिच्यावर घरकुलं आखली. आण्णांनी एकच विचारलं, "हे चित्र कुठल्या महिन्यातलं?" अभियंत्यांनी पडदाभर शोधलं, महिना कुठेच लिहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते अभियंत्यांना आणि मला त्या पट्टीला लागून राहणाऱ्या अक्काताईंकडे घेऊन गेले. ऐंशीच्या अक्काताईंनी पायरीवर काठी आपटली. "हितवर पाणी आलतं की, तिसऱ्या पायरीवर. म्हस माळ्यावर चढंना, म्हणून आमचं मालक तिच्यासंगट भिजत बसलं."

"आजी, नकाशात तर कोरडं दिसतंय," एक अभियंता म्हणाला.

"मग पावसुळ्यात नकाशालाच धाडा की हितं ऱ्हायला."

घरकुलं दुसरीकडे हलली. आण्णा संगणकाच्या विरोधात कधीच नव्हते. त्याच अभियंत्यांकडून ते माऊस धरायला शिकले आणि पूररेषा त्यांनी स्वतः नव्या नकाशात चढवली. 'अक्काताई, तिसरी पायरी' एवढं लिहायला मात्र तिथे जागा नव्हती. गॅलरीत चहा पिताना ते म्हणाले, "रेघ ऱ्हाईल. पण कुणाच्या सांगण्यावरनं वढली, हे न्हाय ऱ्हायचं. मग उद्या कुणी पुसली तर अडवणार कोण?"

आण्णांना उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांचे गुडघे विशेष शाबूत राहोत. यात माझा स्वार्थ आहे. माझी मुलगी आणि जावई नदीकडच्या त्याच पेठेत फ्लॅट बघत आहेत. जागा त्यांनी संगणकावर पाहिली. मीही ती पडद्यावरच पाहिली आणि छान आहे म्हणालो. अक्काताई आता नाहीत. येत्या रविवारी मी आण्णांना घेऊन तिथे जाणार आहे. त्यांच्यानंतर कोणाला घेऊन जायचं, ते मला माहीत नाही. खरी काळजी मला त्याचीच वाटते.