रिकाम्या मुठी आणि शांतवन

शांतवन गेल्याचं मला टँकरच्या रांगेत कळलं. पुढे उभी असलेली राहेलबाई मागे न बघताच म्हणाली, "सेक्रेटरी गेला म्हनं सकाळच्याला." मी म्हणालो, "जाऊ दे." खरंच हेच म्हणालो. मग माझा हंडा भरला, भरून वाहू लागला, आणि एकेका तांब्यासाठी भांडणं होत असलेल्या त्या दिवसांतही मला कुणी शिवी दिली नाही. तेव्हा कुठे मला कळलं की मी नुसताच उभा आहे.

आज सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात, पण शांतवनबद्दल चांगलं तो स्वतःच इतकं बोलून गेलाय की माझ्यासाठी काही शिल्लक नाही. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मास्तर बाहेर गेले की हा फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावं लिहायचा. सगळ्यात वर माझं. ही खोड त्याची मरेपर्यंत गेली नाही. पुढे तो पतसंस्थेत कारकून झाला आणि मी शिंपी. त्याचे सगळे शर्ट मीच शिवले. खिशाला तीन पेनांच्या तीन वेगळ्या शिलाया लागायच्या, त्यातलं एकच पेन चालायचं. आत एक चोरखिसाही लागायचा. "चोरखिशात ठिवायला हाय काय बे तुझ्याकडं?" असं विचारलं की म्हणायचा, "तू शिलाई घाल."

शिरूर कासारच्या बाजूला आमची चाळीस घरांची ख्रिस्ती मंडळी. दिवाळी झाली की निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात. नाताळला गाणी म्हणायलासुद्धा माणसं पुरत नाहीत. चर्चमध्ये दानाची थैली फिरवायचं काम माझं. जांभळ्या मखमलीची, लाकडी दांड्याची ती थैली मीच शिवलेली. तोंड मुद्दाम अरुंद ठेवलं होतं, म्हणजे कुणी काय टाकलं ते कुणाला दिसू नये. मलाही दिसत नसे. पण वीस वर्षं दांडा धरला की हात ओळखू येतात. कुणाचा चिकट, कुणाचा घाईचा.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला, उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचं मानधन थकलं, आणि आमच्या मंडळीचा सेक्रेटरी असलेल्या शांतवनला साक्षात्कार झाला. कापणीच्या सणाला, जेव्हा कापायला शेतात काही नव्हतं, तेव्हा त्यानं वेदीशेजारी टेबल मांडलं. त्यावर छापील अर्ज आणि दोरीला बांधलेलं पेन. दर महिन्याला प्रत्येकाच्या खात्यातून दान परस्पर मंडळीच्या खात्यात जाणार. उभा राहून त्यानं घसा साफ केला. "तुमी कारखान्यावर असा न्हाईतर कुटं बी असा, तुमचं दान हितं हजर. मानूस इसरतो, खातं इसरत न्हाई. याला म्हनायचं अर्पण-कपात."

कपात! निम्म्याहून अधिक ऊसतोड्यांसमोर हा शहाणा कपात म्हणाला. ज्या शब्दानं मुकादम दर हंगामाला त्यांच्या हातातलं काढून घेतो, तोच शब्द यानं देवाला चिकटवला. मागून एक म्हातारा ओरडला, "देवानं बी मुकादम नेमला का रं?" सगळे हसले. शांतवन हसला नाही. त्यानं पहिला अर्ज स्वतः भरला, सही केली, आणि टाळ्या होईपर्यंत पेन खाली ठेवलं नाही. हळूहळू बाकीच्यांनीही सह्या केल्या. पाळकांचं घर चालायला पाहिजे, हे सगळ्यांनाच कळत होतं. मी सोडून.

"मंग मी काय करू बे? थैली काय खुंटीला लावू?"

"फिरव की. लोकायला सवय हाय."

आणि मग तो तमाशा सुरू झाला. दान तर खात्यातून गेलेलं, पण थैली पुढ्यात आली की रिकामं कसं बसायचं? शेजारी काय म्हणेल? म्हणून सगळे रिकामी मूठ थैलीत घालायचे, आत उघडायचे आणि भक्तिभावानं बाहेर काढायचे. चाळीस घरांच्या रिकाम्या मुठी मी रविवारमागून रविवार वाहिल्या. सगळ्यात सावकाश मूठ शांतवनची. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर तो बसायचा, आणि जणू थैलीत अंडं ठेवतोय अशा बेतानं हात काढायचा. मला त्याची किळस यायची.

शेवटी थैली उलटी केली की त्यातून दहाची एक नोट पडायची. सुपारीएवढी बारीक घडी. मला वाटायचं, राहेलबाईची असेल. तिनं अर्ज भरला होता, तरी हातानं दिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात राहेलबाईची म्हैस आटली. दूध संस्थेचे पैसे येईनात, खातं रिकामं, कपात होईना. आणि शांतवननं चर्चच्या दाराला यादी डकवली, 'कपात न झालेले सभासद'. पहिलं नाव तिचं. ती दारातून परत गेली, ती पुन्हा आलीच नाही. मी यादी फाडली आणि सगळ्यांसमोर तुकडे त्याच्या अंगावर टाकले.

"कावून लावली बे ही? फळा हाय का ह्यो?"

"नियम हाय," तो म्हणाला. पण यादी पुन्हा लावली नाही. तिच्या घरी जाऊन माफी मागावी एवढंही त्याला सुचलं नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. थेट शेवटपर्यंत.

राहेलबाई यायची थांबली, तरी घडीची नोट येतच राहिली. मग मी इतरांवर संशय घेत बसलो. मंडळीच्या एका बैठकीत एक पंच म्हणाले, "रिकामी थैली कावून फिरवायची? बंद करा." मी चपला शोधायला वाकलो. शांतवन वहीतून डोकं वर न काढता बोलला, "रिकामी येत न्हाई. दर रविवारची नोंद हाय." विषय तिथंच संपला. मला वाटलं, वहीचा किडा, नोंदीपलीकडे त्याला काय कळणार.

गेल्या आठवड्यात त्याची बायको, सुशीलावहिनी, त्याचे शर्ट घेऊन दुकानात आल्या. त्यांच्या भावाच्या मापाचे करून हवे होते. उसवायच्या आधी शिंपी खिसे बघतो, मीही बघितले. चोरखिशात दहाची नोट होती. सुपारीएवढी बारीक घडी.

"रविवारची आसंल," वहिनी म्हणाल्या. "शनिवारीच घालून ठिवायचे. म्या म्हनलं, खात्यातून जातंय की, आनि ही कावून? तर म्हनले, थैली बंद पडली तर त्यो रविवारी यायचा न्हाई."

'त्यो' म्हणजे मी.

लबाड. एवढं एक वाक्य माझ्या तोंडावर बोलला असता तर काय पेन झिजलं असतं? त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं आणि आत बसून रडलो, आणि रडताना त्याला शिव्या दिल्या. त्या परत घेणार नाही. राहेलबाईच्या नावाची यादी त्यानंच लावली होती, तेही मी विसरणार नाही.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. म्हणालो, "रविवारी ये." ती म्हणाली, "टाकायला काय हाय माझ्याकडं?" मी म्हणालो, "मूठ घाल. आत कुनाला काय दिसतंय?"

ती आली. सगळ्यात मागे बसली, मूठ घातली, बाहेर काढली. मग मी खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाशी थांबलो. तिथं कुणी नव्हतं. त्याची नोट मी माझ्या मुठीतून थैलीत सोडली, सावकाश, आणि उपासनेनंतर ती काढून घेऊन तिच्या जागी माझी दहाची ठेवली. येत्या रविवारीही तेच करणार आहे. नोंद राहिली पाहिजे.

आता वहीत नोंद करणाऱ्या पंचांनी माझी नोट ओळखली असेल. उभा जन्म कापडाच्या घड्या घालण्यात गेला, पण तेवढी बारीक घडी मला जमत नाही.