एक रिंग वाजवून कट

मेलबर्नमध्ये ग्लेन वेव्हर्लीला दादाच्या गराजमध्ये, गवत कापायचं मशीन आणि मुलांच्या सायकली यांच्या मधोमध माझं ऑफिस होतं. लॉकडाऊनमुळे युनिव्हर्सिटी बंद, लायब्ररी बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई. वहिनीने इस्त्रीचं टेबल मला कायमचं देऊन टाकलं होतं, कारण इस्त्रीचे कपडे घालून जायचं तरी कुठे? त्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी मलावीतल्या सरोवराकाठच्या गावांची गरिबी मोजत होते.

हसू आलं असेल तर हसा. मलाही ते विचित्रच वाटायचं. पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायची. गेटवर उभी राहून वाटायची आणि लोक ती पुढच्या कोपऱ्यावर टाकून देतात का, हेही बघायची. तिथे एक गोष्ट शिकले: नुसता आवाज चढवून भागत नाही, हातात आकडा लागतो. म्हणून मेलबर्नला मास्टर्सला आले आणि आफ्रिकेतल्या गरिबीवर आणि आरोग्यावर काम करणाऱ्या एका प्रोजेक्टमध्ये रिसर्च असिस्टंट झाले.

प्रश्न सरळ होता. त्या गावांमध्ये एक फिरता दवाखाना जायचा. एक गाडी, एक नर्स, औषधांच्या पेट्या. गरोदर बाया, तान्ही मुलं, मलेरियाचा ताप, सगळं त्या गाडीपाशी. गाडी चालवणारी संस्था आम्हाला विचारत होती, ही चालू ठेवायची की बंद करायची? महामारीआधी आमची तिथली माणसं घरोघर जाऊन माहिती घेऊन आली होती. आता घरोघर जाणं बंद, म्हणून तेच प्रश्न फोनवर. उत्तरं माझ्याकडे यायची आणि मी ती साफ करायची, म्हणजे अर्धवट, दुबार, चुकीचं असेल ते काढायचं.

उत्तरं छान होती. जरा जास्तच छान होती. लोक आपापले सरकारी आरोग्य केंद्रात पोचत होते, मुलांना लसी मिळत होत्या. प्रोफेसरांनी अहवालाच्या मसुद्यात लिहूनही टाकलं होतं, की फिरत्या दवाखान्याची गरज आता फारशी उरलेली नाही. प्रोफेसर इथलेच, ऑस्ट्रेलियन. भला माणूस. प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला आमच्या घरच्यांची चौकशी करायचे आणि परसातले टोमॅटो दाखवायचे. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं, टोमॅटो दाखवणाऱ्याशी भांडायला जीव जड होतो.

मला मात्र हे पटत नव्हतं. महामारीत आख्ख्या जगात बाकीच्या आजारांचे दवाखाने ओस पडलेत आणि या गावांचं बरं चाललंय? दादाला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, तू आधी स्टुडंट व्हिसावर आहेस हे लक्षात ठेव, क्रांती नंतर कर. दादा आयटीत. त्याच्या मते प्रत्येक सिस्टीमला काही मर्यादा असतात आणि त्या डॉक्युमेंट केल्या की झालं.

मग एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना दादाचा फोन एकदा वाजला आणि थांबला. पुण्याहून आई. व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे हे तिला आम्ही किती वेळा सांगितलं असेल. तिला ते चांगलं ठाऊक आहे. पण तिच्या शास्त्रात फोन मुलाने करायचा असतो, आईने फक्त आठवण करून द्यायची असते. दादाच्या मुलीने वरणात चमचा फिरवत विचारलं, "व्हाय डझ आजी ऑलवेज हँग अप ऑन अस?"

"ती कट करत नाही गं," दादा हात पुसत म्हणाला, "ती बोलावते."

तो आईला फोन लावेपर्यंत मी ताट तसंच ठेवून गराजमध्ये पोचले होते. वहिनी मागून म्हणाली, "अगं, भात तरी संपव."

आमचा नियम असा होता: सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात एका घराला तीनदा फोन. उचलला नाही तर पुढे 'प्रतिसाद नाही' असा शेरा आणि ते घर बाद. फोन एका मध्यवर्ती नंबरवरून जायचे, म्हणजे रेकॉर्डिंग नीट होतं. त्या नंबरवर उलटे फोन आलेत का, हे कुणी बघितलंच नव्हतं. कुणी बघावं असं कुठे ठरलेलंच नव्हतं. मी सिस्टीममध्ये शोधलं. ढीग होता. बाद झालेल्या घरांतून उलटे फोन आले होते, बहुतेक संध्याकाळी. एक रिंग आणि कट.

मलावीतलं आमचं काम बघणारी बाई स्वतः अर्थशास्त्रातली डॉक्टरेट, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. पहिल्यांदा मॅडम म्हटलं तर तिने झापलं होतं. मग मी ताई म्हणायला लागले, अर्थ समजावला, तेव्हा तो शब्द तिने ठेवून घेतला. त्याच दुपारी तिला फोन केला. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "आम्ही याला फ्लॅश म्हणतो. तुमच्याकडेही आहे? मग इतके महिने काय करत होतीस?"

मग ती हसायची थांबली. गावात वीज नाही, तिने सांगितलं, दिवसभर फोन बाजारातल्या दुकानात चार्जिंगला पडलेला असतो. कित्येक घरांत एकच फोन, तोही दिराचा नाहीतर शेजारणीचा. संध्याकाळी फोन हातात येतो, बाई नंबर बघते, बॅलन्स नसतो, म्हणून फ्लॅश देते आणि वाट बघत बसते. हे तिने पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. उत्तर मिळालं, की सगळ्या देशांत पद्धत एकच हवी, नाहीतर तुलना कशी करणार.

माझं डोकं तापलं, पण तापल्या डोक्याने पत्रक लिहायचं नाही, हाही पुण्याचाच धडा. महामारीआधी घरोघर जाऊन गोळा केलेली माहिती माझ्याकडे होती. मी दोन गट पाडले: ज्यांनी फोन उचलला ती घरं आणि ज्यांनी फ्लॅश दिला ती. उचलणारी घरं पत्र्याच्या छपराची, त्यातल्या त्यात सुस्थितीतली, रस्त्यालगतची. फ्लॅश देणारी गवती छपराची, रस्त्यापासून आत, आणि गाडीवर सगळ्यात जास्त विसंबलेली. म्हणजे दवाखान्याची गरज कुणाला आहे हे आम्ही विचारत होतो आणि ज्यांना आहे त्यांनाच नियमाने वगळत होतो.

बुधवारच्या झूमवर मी तक्ता दाखवला. प्रोफेसरांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, हे महत्त्वाचं आहे, आपण तळटीप देऊ. अहवाल शुक्रवारी जायचा होता.

मी म्हटलं, "तळटीप वाचून गाडी कुणाच्या गावात जात नाही. तळटीपेच्या वर जे वाक्य आहे, त्याने ती बंद होणार आहे."

गराजचं दार अर्धं उघडं होतं आणि दादा बाहेर कचऱ्याचा डबा घेऊन थबकला होता, हे मला दिसत होतं. व्हिसा, व्हिसा, असं त्याचा चेहरा म्हणत होता. तेवढ्यात ताईने आपला माइक चालू केला. तिची माणसं तयार आहेत, ती म्हणाली, संध्याकाळी त्या नंबरांवर स्वतः फोन करायला, दोन आठवडे द्या. आणि नसतील द्यायचे तर अहवालावरून माझं नाव काढा.

प्रोफेसर पुन्हा तक्त्याकडे वळले. या माणसाला मी कधी कमी लेखलं नव्हतं, पण त्यांच्याकडून फार अपेक्षाही ठेवली नव्हती. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, की गवती छपरांचा आकडा दोनदा तपासलास का. तपासला होता. मग त्यांनी संस्थेला लगेच फोन करून शुक्रवारचा अहवाल पुढे ढकलला, आणि चूक पद्धतीची आहे, माझी आहे, असं स्वतःच सांगितलं. दादा डबा ठेवून आला आणि म्हणाला, "तुझा बॉस बरा आहे." मी म्हटलं, तक्ता बरा होता.

दोन आठवडे रोज सकाळी उठलं की नवीन उत्तरं आलेली असायची. बायांनी पहिल्याच रिंगला फोन उचलले होते. एकीने विचारलं होतं, एवढा उशीर का केलात? तापलेलं मूल पाठीला बांधून केंद्रापर्यंत चालत गेलेल्या होत्या, अर्ध्या वाटेतून परतलेल्याही होत्या. मसुद्यातलं ते वाक्य गेलं. त्या जागी गाडी कुठल्या गावांना का लागते, ते आलं.

निर्णय यायला पुढे बरेच दिवस गेले. पाच किलोमीटरचा नियम उठला, भाची शाळेत जायला लागली, मी मात्र गराजमध्येच. एका दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर माझा फोन एकदा वाजला आणि कट झाला. ताई. ऑफिसचं इंटरनेट असलेली बाई मला फ्लॅश देत होती.

मी फोन लावला. "बोल ताई."

"गाडी राहिली," ती म्हणाली. "आतल्या गावांसाठी. एका वर्षापुरती."

एकच वर्ष, मी म्हटलं, आणि लगेच तावातावाने बोलायला लागले. तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, वर्षाने ते पुन्हा विचारतील, आपण पुन्हा फोन करू, आणि या वेळी सुरुवातच संध्याकाळी करू. फोन करायच्या नियमांत ती संध्याकाळची ओळ मी त्याच दुपारी घातली, पहिल्या पानावर.