गॉबनितच्या नावाला वारस

आयर्लंडातल्या आमच्या किलनाबीख गावात गॉबनित टूमीला काही विचारावं लागत नाही. ती स्वतःच सांगते. बोलणं हवेवरून सुरू झालं तरी तिसऱ्या वाक्याला ते तिच्या नावावर येऊन ठेपतं. नोरीनच्या दुकानात कोणी म्हणालं, "यंदा थंडी हटत नाही बाई," की ही पाव चाचपत म्हणणार, "अकरा फेब्रुवारीपर्यंत हटायची नाही. माझ्या संतिणीचा सण आहे ना." माझ्या म्हणे. जणू संत गॉबनित ही तिची आईकडून मावशी लागते आणि बाकीच्या गावाची नुसती तोंडओळख.

संतिणीची कथा तिने आम्हा सगळ्यांकडून घोटून घेतली आहे. देवदूताने सांगितलं, नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथे थांब आणि मठ बांध. ती इथे दिसली असं आम्ही म्हणतो. डोंगरापलीकडचे केरीवाले, तिकडे दिसली म्हणतात, पण केरीवाल्यांना काय, काहीही दिसतं. पुढे गुरं चोरायला टोळी आली तेव्हा संतिणीने पोळी उघडून मधमाश्या सोडल्या आणि चोर गुरांच्याही पुढे पळाले. इथवर सगळं सुरळीत. घोळ होतो तो नावाच्या अर्थाशी. एकदा विद्यापीठातले एक गृहस्थ सभागृहात भाषणाला आले. ते म्हणाले, कोणी हे नाव लोहाराच्या शब्दावरून आणतात, कोणी तोंडाच्या, पण खात्रीने कोणालाच माहीत नाही. गॉबनित पहिल्या रांगेत होती. तिला हे वैयक्तिक वाटलं. तिने त्याच रात्री मधमाशी हा अर्थ कायम करून टाकला आणि तेव्हापासून गावात तोच चालतो. साठी उलटलेल्या बाईला लोहार कोण म्हणणार?

तिच्या लहानपणी शाळेत या नावाने हाक मारली की मुलींचा अर्धा बाक उभा राहायचा. मग काही गॉबनित बोस्टनला गेल्या, काही कबरस्तानात, आणि उरलेल्यांनी आपल्या मुलींची नावं मिशेल ठेवली. मिशेलांनी पुढे मिया आणि फिया ठेवली. आता गावात हे नाव दोघींचंच उरलं, एक चर्चमधल्या पुतळ्याचं आणि एक हिचं. दोघींत पुतळा जास्त शांत.

गॉबनितला मूल नाही, लग्नही नाही. जीव अडकला होता तो एवढ्यातच, की आपल्यामागे घराण्यात कोणीतरी हे नाव लावावं. म्हणून भावाचा मुलगा टाइग याच्या बायकोला दिवस गेले आणि डॉक्टरांनी मुलगी असल्याचं सांगितलं, तेव्हा तिने चर्चमध्ये एवढ्या मेणबत्त्या लावल्या की फादर मर्ट यांनी खिडकी उघडली.

टाइग आणि लियान हे जोडपं तिच्या गोठ्यामागे पत्र्याच्या फिरत्या घरात राहतं. ते घर आणल्यापासून एकदाही फिरलेलं नाही. घर बांधायचं तर गॉबनितचं वरचं शेत हवं, जिथून सगळी दरी दिसते. त्या शेताबद्दल कोणी कधी बोलत नसे. इतकं बोलत नसत की रविवारच्या जेवणात दुसरं काही ऐकूच येत नसे.

अशाच एका रविवारी, कोबी आणि डुकराचं मांस वाढता वाढता, गॉबनित म्हणाली, "मग, नावाचं काय?"

"अजून काही नाही, आत्या," लियान म्हणाली. "तिचं तोंड बघून ठरवू."

"तोंड टूमींचंच असणार. त्यात बघायचं काय?"

"मला हार्पर बरं वाटतंय."

"कोणाचं ते?"

"कोणाचं नाही. नवं आहे."

"नवे बूट घ्यावेत, पोरी. नाव वापरलेलं बरं."

टाइग बटाटा सोलत होता. बटाटा सोलताना टाइगला ऐकू येत नाही. लहानपणापासूनचं आहे.

हे असं चाललं असताना एक दिवस नोरीन गल्ल्यावरून वाकून म्हणाली, "ऐकलंस का, डेअरीतल्या बाईला मुलगी झाली. नाव काय ठेवतायत, ओळख बघू."

डेअरीतली बाई म्हणजे डब्लिनहून आलेली सोर्खा. तिने आणि तिच्या ह्यूगोने आमची बंद पडलेली दूधडेअरी विकत घेतली, आणि दगड झाकायला आमच्या आजोबांनी लावलेला गिलावा खरवडून काढला, दगड दिसावेत म्हणून. मधमाश्या पाळतात. जानेवारीत तळ्यात उड्या मारतात, कोणी ढकललेलं नसताना.

"कुठल्या तरी झाडाचं असेल," गॉबनित म्हणाली.

"गॉबनित."

"काय?"

"तुला हाक नाही मारत मी. पोरीचं नाव सांगतेय. गॉबनित."

चर्चच्या फाटकापर्यंत ती ताठ मानेने चालत गेली, असं पाहणारे सांगतात. देशात नाव परत येतंय, तेही थेट राजधानीमार्गे. फाटकाशी लियान भेटली. तिलाही बातमी लागली होती.

"अरेरे, आत्या," लियान म्हणाली, "नाव गेलं की हो. मी आजच टाइगला म्हणणार होते, गॉबनितच ठेवू म्हणून. आता एका वर्गात दोन गॉबनित म्हणजे बाईंचे किती हाल." तिला इतकं वाईट वाटलं होतं की त्या संध्याकाळी तिने सफरचंदाचा टार्ट दोनदा घेतला.

गॉबनितने रात्रभर विचार केला. लोकांनी हे नाव ठेवावं म्हणून जिने आयुष्यभर गावाचे कान किटवले, तिलाच आता सकाळी उठून एका घरी जाऊन सांगायचं होतं की ठेवू नका. ती गेली. सोबत सोडा ब्रेड नेला, कारण वाईट सांगायला रिकाम्या हाताने जाऊ नये अशी आईची शिकवण.

"बसा ना, गॉबनित," सोर्खा म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. "तुमच्यामुळेच तर सुचलं आम्हाला."

"त्यासाठीच आले. ठेवू नका. हे नाव चांगलं नाही." स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकून ती जराशी दचकली, पण आता मागे फिरायची सोय नव्हती. "शाळेत पोरं नुसतं 'गॉब' म्हणतात. गॉब म्हणजे थोबाड. डब्लिनला काही वेगळं म्हणतात का?"

"नाही, तेच म्हणतात," ह्यूगोने मान्य केलं.

"मग? नाचाला जायचे तेव्हा मुलाने नाव विचारलं, मी सांगितलं, की तो लिंबूसरबत आणतो म्हणून जायचा. कितीतरी लिंबूसरबतांची मी अजून वाट बघतेय."

"किती खरं बोलता तुम्ही," सोर्खा म्हणाली.

हे पुरेसं नाही, हे गॉबनितला कळलं. तिने आणखी जोर लावला आणि जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते बाहेर आलं.

"कॉव्हेंट्रीला गेले ना मी, बिस्किटांच्या कारखान्यात. पहिल्याच दिवशी मुकादम बाईने नाव विचारलं. म्हटलं, डेबी."

"डेबी?"

"जुने पाद्री गॉबनितच्या जागी इंग्रजीत डेबोरा लिहायचे. डेबोरा म्हणजे म्हणे हिब्रूत मधमाशी. तर डेबी. मी तिथे होते तोवर डेबीच. तिथे एक रॉन होता. त्याने डेबीला मागणी घातली."

बाळाला उचकी लागली. सोर्खा त्याची पाठ थोपटायची विसरली.

"लग्नात पाद्री पूर्ण नाव वाचतो, सगळ्या माणसांसमोर," गॉबनित म्हणाली. "म्हणून मी तारीख पुढे ढकलायचे. ईस्टरनंतर बघू म्हणायचे. ईस्टर काय, दरवर्षी येतो. शेवटी त्याने पॅकिंगमधल्या डोरीनशी केलं. डोरीन. वाचायला काय लागतं ते."

ती तिखटमीठ लावायच्या तयारीनेच घरून निघाली होती. आता कपात बघत बसली, कारण तिखटमीठ कुठे लावावंच लागलं नव्हतं.

सोर्खाच्या डोळ्यांत पाणी होतं. "ह्यूगो," ती म्हणाली, "आता दुसरं नाव शक्यच नाही. या नावाने सोसलंय."

"आपण फिया म्हणत होतो, त्या नावाने काहीच सोसलेलं नाही," ह्यूगो म्हणाला.

"गॉबनित, सणाच्या दिवशी तुम्ही हिला पुतळ्यापाशी धराल का? तुमच्याशिवाय कोण धरणार?"

नाव काढून घ्यायला गेलेली बाई अशी मानाची जागा घेऊन परत आली. ह्यूगोने त्याच संध्याकाळी पबमध्ये ही सगळी हकिगत सांगितली, कारण डब्लिनमध्ये म्हणे अशा गोष्टी मोकळेपणी बोलतात. सकाळच्या दुधापर्यंत डेबी, रॉन आणि डोरीन सगळ्या दरीला पाठ झाले होते. गॉबनितला कोणी चकार शब्द बोललं नाही. तोंडावर बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. आम्ही साठवतो.

सणाला फादर मर्टनी कपाटातून पुतळा काढून मांडला. लाकडाचा, हातभर, आणि इतक्या पिढ्यांनी हात फिरवलेला की नाकडोळे आता श्रद्धेनेच दिसतात. रांग लागली. जो तो आपली फीत पुतळ्याला उभी लावतो, मग गळ्याभोवती, मग पायांभोवती, आणि मापलेली फीत वर्षभर घरात ठेवतो, घसा दुखला तर गळ्याला आणि गाय अडली तर गाईला. गॉबनितने बाळाला पुतळ्यापाशी धरलं. सोर्खाने फीत मापली. बाळाने मूठ उघडली ती नेमकी गॉबनितच्या बोटाभोवती मिटली. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला.

"दोघींचं नाव एकच का?" त्याने विचारलं.

"एकच," गॉबनित म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो हळू होता.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी डेअरीत जाऊ लागली. कधी केक, कधी विणलेली टोपी. पत्र्याच्या घराच्या खिडकीतून लियान तिचं जाणं मोजत होती आणि येण्याला लागणारा उशीरही.

"आज पुन्हा गेली," ती टाइगला म्हणाली.

"जाऊ दे ना. म्हातारीला तेवढाच विरंगुळा."

"नोरीन म्हणत होती, ह्यूगो मधाच्या पेट्यांना जागा शोधतोय. उंचावर, ऊन येईल अशी."

टाइगच्या हातातला बटाटा अर्धा सोललेला राहिला. त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

मार्चअखेर लियानला मुलगी झाली. गॉबनित इस्पितळात पोचली तेव्हा लियान उशीला टेकून वाटच बघत होती.

"आत्या, तिचं तोंड बघितलं आणि ठरलं. गॉबनित."

गॉबनितने बाळाला घेतलं. लाल, सुरकुतलेलं, झोपेतही कोणावर तरी नाराज. टूमींचंच तोंड. एवढी वर्षं हेच तर हवं होतं. तिने दुपट्याची घडी सारखी केली.

"हार्परही काही वाईट नाही," ती म्हणाली.

"काहीतरीच काय, आत्या."

"नाही, खरंच. छोटं आहे. कुठेही गेली तरी सांगता येईल. लग्नात वाचलं तर चटकन संपेल."

"छे. घराण्याची परंपरा म्हणून काही आहे की नाही?" लियान म्हणाली.

"आणि वर्गात दोन होतील त्याचं काय?"

"बाईंना पगार कशाचा मिळतो मग?"

"लियान, मी नावासाठी शेत अडवलेलं नाही गं. शेत तुमचंच आहे. मुलीला हवं ते नाव ठेवा."

लियानने टाइगकडे पाहिलं, टाइगने खिडकीकडे. असं फुकट मिळालेलं शेत टिकत नाही, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं.

"गॉबनितच," लियान ठामपणे म्हणाली.

ईस्टरनंतर फादर मर्टनी एकाच रविवारी दोन गॉबनितांचा बाप्तिस्मा केला. एक रडली, दुसरीने साथ दिली. गॉबनित टूमी पहिल्या रांगेत बसली होती. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सण, हरणं, मधमाशी यातलं काही काढलं नाही. जेवणात ती एकदा म्हणाली, "ऊन बरं पडलंय," आणि बोलणं तिथेच, उन्हावरच संपलं. लोक जरा घाबरले.

पण गावापुढे आता एक अडचण उभी राहिली. आमच्याकडे एका नावाची माणसं वाढली की प्रत्येकाला काहीतरी जोडून द्यावं लागतं, नाहीतर पोस्टापासून प्रार्थनेपर्यंत सगळ्याचा विचका होतो. डब्लिनवाल्यांची ती गॉबनित डेअरी. लियानची ती गॉबनित टाइग. हे दोन्ही आठवड्याभरात रुळलं. राहिली तिसरी. तिचं काय करायचं यावर कुठे बैठक भरली नाही, कोणी कोणाला काही सुचवलं नाही. जोडनाव ज्याचं असतं त्याला विचारून ठरत नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी नोरीनचं दुकान भरलं होतं. सोर्खा बाबागाडी घेऊन, लियान बाबागाडी घेऊन, आणि गॉबनित टूमी दाराशी पोचलेली, पिशवी हातात. अंडी तिची गल्ल्यावरच राहिली होती. नोरीनने हाक मारायला तोंड उघडलं, दोन्ही गाड्यांकडे पाहिलं, आणि मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"डेबी," ती म्हणाली, "तुझी अंडी राहिली गं."

दुकानात सगळ्यांना एकाएकी डब्यांवरची किंमत वाचायची होती.

गॉबनित टूमी वळली. गल्ल्यापर्यंत आली, खोका उघडून अंडी नीट तपासली, एक फुटकं निघालं ते बदलून मागितलं.

"आणि एक छोटं लोणी दे," ती म्हणाली. "डेबीच्या नावावर मांड."